पोथ्यांचा वाटेकरी

धूलकोटचे वडिलोपार्जित घर विकावयाचे ठरले, तेव्हा वाटणीची यादी करण्याचे काम अर्थातच आम्हां वकिलाकडे आले. भांड्यांना, पेटाऱ्यांना, झोपाळ्यालाही वाटेकरी निघाले. वडिलांच्या पोथ्यांना मात्र कोणी निघाला नाही. वडील रोज तिन्हीसांजेला ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचीत. ‘याचा उपयोग काय?’ असे तरुणपणी आम्ही त्यांना विचारले होते. ते नुसते हसले आणि पुढची ओवी वाचू लागले.

त्या हसण्याचा अर्थ आम्हांस एका परक्या ग्रंथात सापडला. यहुदी धर्माच्या हसिदी पंथातील आचार्य श्नेऊर झल्मन यांचा ‘तन्या’ हा ग्रंथ १७९६ साली छापला गेला. त्यातील दृष्टान्त चक्क कोर्टातला आहे. रूबेनने एक दावा मांडला, शिमोनने त्याला उत्तर दिले, तर शास्त्राचा निवाडा अमुक. असा तंटा कधी झाला नाही, कदाचित होणारही नाही. तरीही जो तो निवाडा समजून घेतो, त्याची बुद्धी ईश्वरी प्रज्ञेला कवळते आणि त्याच क्षणी ती प्रज्ञाही त्याच्या बुद्धीला वेढून टाकते. आचार्य म्हणतात, सत्कर्म हे आत्म्याचे वस्त्र, तर अध्ययन हे त्याचे अन्न.

मग ज्यांच्याजवळ ग्रंथच उरले नाहीत, त्यांनी काय करावे? याचे उत्तर आमच्या कोकणातच आहे. तेलाचे घाणे चालविणारे, शनिवार पाळणारे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या शास्त्राध्ययनाला पारखे होते. पण ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. शेमा म्हणजे ‘ऐक’. त्याच १७९६ साली त्यांनी मुंबईत आपले पहिले प्रार्थनामंदिर उभारले. पुढे एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आपल्याकडेही नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणापासूनच होतो, आणि स्वाध्यायाला आपल्या शास्त्रकारांनी ब्रह्मयज्ञ म्हटले आहे.

आम्ही आजवर जो कायदा वाचला, तो अशिलासाठी. खटला संपला की पुस्तक मिटले. वडिलांच्या वाचनापुढे मात्र कोणताच खटला नव्हता. म्हणूनच ते कधी संपले नाही.

यादीत ‘पोथ्या’ या शब्दापुढे आम्ही आमचे नाव लिहिले. दिवेलागणीला त्या रिकाम्या घरात चार ओव्या वाचल्या. तिसरी समजली नाही. ती पुन्हा वाचली.