पाण्याचा दिवस

चि. सौ. सूनबाईस,


एका छपराखाली राहून तुला पत्र लिहिते आहे, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं. समोरासमोर बोलायला गेले की तू "काही नाही हो आई, जरा डोकं दुखतंय" म्हणतेस आणि मी पुढे काही न विचारता भाजी निवडायला घेते. असं करता करता बरेच महिने गेले.

मागच्या मंगळवारी रात्री पावणेदोनला नळ आले. सातव्या दिवशी. तुझा गजर वाजला, तू उठलीस, हौदाचं झाकण सरकवलंस, पाइप लावलास, मोटार सुरू केलीस. मी जागीच होते. थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं, तर तू जिन्याच्या पायरीवर बसून रडत होतीस. मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकू जाऊ नये, अशी. शेजारची बादली भरून वाहत होती आणि तुझं तिकडे लक्ष नव्हतं. मी बाहेर आले नाही. तिला एकटीला राहू द्यावं, असं मी मनाला समजावलं. पण खरं म्हणजे तुझ्यासमोर येऊन काय बोलावं तेच मला सुचत नव्हतं. गच्चीवरची टाकी भरून तीन वाजता तू आत आलीस. सव्वासहाला वाळूजला जाणारी कंपनीची बस, त्याआधी लेकरांचे दोन डबे.

आणि त्याच सकाळी मी शेजारणीला सांगितलं, "आमची सून सगळं सांभाळते, बघायला लागत नाही." हे मी मनापासून म्हणते, कौतुकानं म्हणते. त्या दिवशी मात्र बोलता बोलता माझी जीभ अडखळली.

मग रविवारी मी एक केलं. सकाळपासून रात्रीपर्यंत तू ज्याची ज्याची आठवण केलीस, ते वहीत टिपत गेले. थोरलीला चार्ट पेपर. धाकट्याचा राहिलेला डोस. गॅसचा नंबर. दळण. रिक्षावाल्या काकांचे पैसे. फिल्टरच्या पाण्याचा जार. माझी बीपीची गोळी शुक्रवारी संपते, हे मलाच ठाऊक नव्हतं, तुला होतं. नणंदेच्या घरची वास्तुशांत, तिथे आहेर काय. मध्ये पाणी किती दिवसांनी येईल, तोवर टाकी पुरेल का, आज कपडे धुवायचे की चादरी राहू द्यायच्या. रात्रीपर्यंत चौतीस गोष्टी झाल्या. त्यातल्या कामांना हात लावणारे आपण घरात तिघं होतो. पण लक्षात ठेवणारी तू एकटीच.

माझा मुलगा आळशी नाही. "काय आणू, सांग" असं तो रोज विचारतो. पण ते सांगण्यासाठी आधी कुणीतरी डब्यात डोकावून बघावं लागतं, आठवावं लागतं, हिशेब करावा लागतो. तो सामान आणतो, बाकीचं सगळं तुझ्याकडेच राहतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. ही झाली हातानं केलेल्या कामाची मिनिटं. डोळे मिटल्यावर 'उद्या पाणी नाही आलं तर' म्हणून तू कूस बदलतेस, ती कुठल्या मिनिटांत धरायची?

आपलं हे गाव पाण्याच्या जोरावर उभं राहिलेलं. मलिक अंबरानं सतराव्या शतकात डोंगरातून नहर आणली, मातीच्या नळांतून पाणी घरोघरी खेळवलं. पाणचक्कीत तर पाणीच जातं फिरवायचं, आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांचं, वाटसरूंचं पीठ निघायचं. शाळेच्या सहलीत मी ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला आईचे हात आठवले. पैठण तालुक्यातल्या आमच्या घरी ती पहाटे दळायला बसे. जातं जड, म्हणून समोर काकू. खुंट्याला दोघींचे हात. "जरा मदत करता का" असं आई काकूला कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. जातं दोघींचं होतं.

१९७६ साली जायकवाडी धरण पुरं झालं आणि माझ्या मामाची काळी जमीन त्याच्या नाथसागर जलाशयाखाली गेली. मामा म्हणायचा, जाऊ दे, शहरातल्या लेकरांना पाणी मिळेल. आज त्याच पाण्यासाठी, तिथून पन्नासेक किलोमीटरवर, त्याच्या भाचीची सून मध्यरात्री उठते. शहराच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरात झालं, तेव्हा रोज पाणी येईल या आशेनं मी देवापुढे साखर ठेवली होती. नळ रोज यायला हवेत, यासाठी भांडलंच पाहिजे. पण ते येईपर्यंत रात्री कोण उठणार, हे ठरवायला महापालिका लागत नाही.

इथे मला माझा दोष सांगायचा आहे. तुझा नवरा दहावीत होता तेव्हाही रात्रीचं पाणी यायचं. त्याची झोप मोडू नये म्हणून मी त्याच्या खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि त्याच्या बहिणीला उठवायचे. तिचीही सहामाही होती. पाणी आल्याचा आवाज त्याला ऐकू येत नाही, असं तू एकदा रागानं म्हणालीस. तो कान मी घडवला, सूनबाई.

म्हणून काल रात्री त्याला समोर बसवलं आणि वही वाचून दाखवली. निम्म्यातच तो म्हणाला, "आई, पुरे." मी सगळी वाचली. लाइनमन व्हॉल्व्ह कधी फिरवणार हे ज्या गल्लीच्या ग्रुपवर येतं, त्यात आपल्या घरातून फक्त तुझा नंबर होता. आता त्याचा घातला आहे. तुझा तू काढून टाक. दिवस लक्षात ठेवणं, उठणं, मोटार, टाकी, नळ नाही आले तर टँकर, सगळं त्याचं. शाळेच्या ग्रुपचं तुम्ही दोघं ठरवा, त्यात मी पडत नाही. माझ्या गोळ्या मी बघेन.

तो एखाद्या वेळी विसरेल. त्या रात्री तू उठू नकोस, ही माझी विनवणी आहे. भांडी पडून राहतील, पाहुण्यांसमोर लाज वाटेल, ती मी सोसेन. तू एकदा उठलीस की पाण्याचा दिवस पुन्हा तुझ्याकडे येईल.

आणखी एक. नुसता थकवा असेल तर दोन रात्रींच्या झोपेनं उतरतो. पण वेळ मिळूनही झोप लागत नसेल, घास गोड लागत नसेल, आठवडेच्या आठवडे रडू येत असेल, तर तो आजार असू शकतो, आणि बीपीसारखं त्यालाही औषध आहे. घाटीत, आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं. घाटीत जायचं ठरलं तर मी सोबत येईन. नंबर येईपर्यंत बाकावर बसेन, आणि आत तू एकटी जाशील.

शुक्रवारी पुन्हा पाण्याचा दिवस आहे. तो त्या रात्री फोन उशाशी घेऊन पुढच्या खोलीत झोपणार आहे. मी त्याला हाक मारणार नाही. तुझ्या खोलीचं दार तेवढं मी लोटून घेईन.

तुझी,
आई