धुऱ्यावर थांबलेले रस्ते

इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना एक काम हमखास देतो : आपल्या घरापासून बाजारापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढणे. पूर्वी इंदोरा, पाचपावली येथील मुले गल्लीला गल्ली जोडून तीन-तीन वाटा दाखवीत आणि जवळची कोणती, यावर वाद घालीत. शहराच्या कडेवरील ले-आउटमधून आलेली आजची मुले एकच रेघ ओढतात. घर, फाटक, मोठा रस्ता, बाजार. मुलांचे नकाशे बिनचूक असतात. बदलले आहे ते नागपूर.

राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या जोडून बख्त बुलंद शाहाने १७०२च्या सुमारास हे नगर वसविले. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कामगारांच्या वस्त्या वाढल्या. त्या वस्त्यांतील बोळ अरुंद खरे, पण बहुतेक दोन्ही तोंडांनी उघडे. आमच्या वडीलधाऱ्यांना शहराची ओढ का वाटली, याचे एक उत्तर या बोळांत आहे. गावात आपली वस्ती वेशीबाहेर. तेथील वाट कोठवर जायची, हे दुसऱ्याने ठरविलेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेब संविधान सभेत खेड्याविषयी इतके कठोर का बोलले, हे ज्याने अशी वाट तुडविली त्याला समजावून सांगावे लागत नाही.

१९३६च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला. त्याच्या आखीव वसाहतींत रस्ता रस्त्याला मिळतो. पुढे शहर शेतांत शिरले ते मात्र खसऱ्याखसऱ्याने. एका शेतकऱ्याची जमीन एका सोसायटीने घेतली, शेजारची दुसरीने. प्रत्येकीने आपापल्या शेतापुरते भूखंड पाडले. एकीचा तीस फुटी रस्ता धुऱ्यापर्यंत येऊन थांबला. पलीकडे दुसरीचा रस्ता नव्हता, कोणाच्या तरी घराची मागची भिंत होती. २००१च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट उघडली. हे आवश्यकच होते, कारण त्या घरांत कष्टकऱ्यांची आयुष्यभराची बचत होती. पण डांबर पडले ते जुन्याच आखणीवर.

सगळ्याच भिंती मात्र धुऱ्याने घातलेल्या नाहीत. आमच्या परिचयाची एक वस्ती आहे. तिच्या आणि नव्या ले-आउटच्या मध्ये दहा पावलांची पायवाट होती. ती एके दिवशी बंद झाली. कारण सुरक्षिततेचे सांगण्यात आले. वस्तीतील बाया त्याच ले-आउटमध्ये धुणीभांड्यांना जातात. त्या आता हमरस्त्यावरून वळसा घालून जातात. ज्यांच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या जातात, त्यांची वाट तेवढी धोक्याची ठरते! हा विटाळाचा नवा हिशेब आहे, असे आम्ही म्हणतो. कोणाला ते कठोर वाटले तरी आमचा इलाज नाही.

११ डिसेंबर २०२२ रोजी ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतच्या मेट्रोचे आणि शिर्डीपर्यंतच्या समृद्धी महामार्गाचे उद्घाटन झाले. उत्तर नागपूरला मेट्रो मिळाली, याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु शिर्डी जवळ आली आणि शेजारचा ले-आउट दूर गेला, याची नोंद कोणत्या दप्तरात होते?

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. १९६६च्या नगररचना कायद्यातच तशी तरतूद आहे. आमचे माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत, वकील आहेत, काही नगरसेवकही होतील. त्यांनी आराखड्यातील हमरस्ते अवश्य पाहावेत. मात्र त्याआधी आपल्या वस्तीच्या शेवटच्या घरापुढची रेघ पाहावी, ती कोठे तुटते ते मोजावे आणि मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी.