रोहतांगच्या पलीकडे

मनालीहून रोहतांग खिंड सुमारे 51 किलोमीटर दूर आहे. चढ मात्र जवळजवळ 1,900 मीटरांचा. म्हणूनच हा रस्ता डोंगराच्या अंगावर वळसे घेत घेत वर जातो. प्रथम देवदारांची गर्द राई लागते, मग भूर्जवृक्ष दिसू लागतात आणि मढीच्या पुढे केवळ गवत, खडक व बर्फ उरते. प्रत्येक वळणागणिक बियास नदी खाली खाली जाते. हीच आपल्या प्राचीन ग्रंथांतील विपाशा. 3,978 मीटर उंचीच्या खिंडीपाशी पोहोचावे, तो तिचे उगमस्थान मानले जाणारे व्यासकुंड दृष्टीस पडते.

खिंड ओलांडताच सृष्टी पालटते. पावसाळी ढग पीर पंजाल रांगेच्या दक्षिण उतारावरच बहुतांशी रिते होतात; त्यामुळे पलीकडचे लाहौल खोरे उघडे व रुक्ष आहे. हिमनद्यांचे पाणी पाटांनी आणून तेथील शेतकरी बटाटा आणि वाटाणा पिकवितात. खालून वाहणारी चंद्रा तांदी येथे भागेला मिळते. चंद्रभागा हे नाव ऐकताच मराठी माणसाला पंढरपूर आठवते. ही चंद्रभागा मात्र पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते.

प्रवाशाला रमणीय वाटणारी ही वाट लाहौलवासीयांना फार महाग पडत असे. रोहतांग या नावाचा अर्थच प्रेतांची रास असा सांगतात. हिमपातामुळे खिंड वर्षातील कित्येक महिने बंद राही. अशा वेळी अत्यवस्थ रुग्णाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला कुलूकडे न्यायचे, तर हवामान निवळून हेलिकॉप्टर येण्याची वाट पाहावी लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. त्यामुळे मनाली-लेह अंतर 46 किलोमीटरांनी घटलेच. शिवाय लाहौलला हिवाळ्यातही बाहेरची वाट मिळाली.

परंतु दुर्गमता हे या खोऱ्याचे कुंपणही होते. आता ते नाही. म्हणून तेथील नितळ पाणी व शांतता जपण्याचे दायित्व येणाऱ्या प्रत्येकावर आले आहे. खिंडीवर रोज ठराविक वाहनांनाच परवाना मिळतो, तोही याच हेतूने.

उन्हाळ्यात सवड असेल त्याने परवाना काढून जाताना खिंडीवरून जावे व येताना बोगद्यातून यावे. डोंगराने पिढ्यानपिढ्या काय अडवून धरले होते, ते मग कोणी सांगावे लागत नाही.