बुद्धीचें तिसरें लक्षण

एका प्राचीन सुभाषितकारानें बुद्धीचीं दोन लक्षणें सांगितलीं आहेत. कामास मुळीं हातच न घालणें हें पहिलें, आणि एकदां हात घातल्यावर तें तडीस नेणें हें दुसरें. आमच्या समाजानें हीं लक्षणें आपसांत सोयीनें वांटून घेतलेलीं दिसतात. आळशी मंडळींनीं पहिलें घेतलें व हट्टी मंडळींनीं दुसरें. परंतु या दोहोंच्या मध्यें एक विस्तीर्ण प्रदेश आहे. काम सुरू झालें, निम्म्याहून अधिक पार पडलें, आणि तें पुढें नेऊं नये असें मग दिसून आलें, तर शहाण्यानें काय करावें, याविषयीं सुभाषितकार कांहीं बोलत नाहीं. आम्हांस या प्रश्नाचें उत्तर अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. संगणकावर नवा प्रोग्राम बसवून देणारा जो 'इन्स्टॉलर' असतो, त्याच्या व्यवहारांत बुद्धीचें तिसरें लक्षण दडलेलें आहे, असें आमचें मत झालें आहे.

इन्स्टॉलर वाचकांच्या ओळखीचा आहे. 'पुढें', 'पुढें' म्हणणारीं बटणें, डावीकडून उजवीकडे भरत जाणारी एक पट्टी, आणि कोपऱ्यांत 'रद्द करा' हे दोन शब्द, एवढेंच त्याचें दर्शनी रूप. लग्नांतल्या मंगलाष्टकांप्रमाणें तो केव्हां संपतो याचीच सर्वांना घाई असते. आमचा एक जुना विद्यार्थी पोटासाठीं हेच इन्स्टॉलर रचतो. त्याच्याशीं झालेल्या बोलण्यावरून या पट्टीमागें केवढा विवेक लागतो, याची आम्हांस कल्पना आली.

पहिला विवेक आरंभापूर्वींचा. जो प्रोग्राम बसवावयाचा त्याला लागणारी सामग्री यंत्रावर आहे कीं नाहीं, हें एकाहि फाईलीस हात लावण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे. विंडोजची आवृत्ति कोणती, डिस्कवर जागा किती, बसविणाऱ्यास तेवढा अधिकार आहे काय, मागच्या एखाद्या कामासाठीं संगणक पुन्हां सुरू करावयाचा राहिला आहे काय, हे सर्व प्रश्न आधींचे. उणिवा निघाल्या तर त्या एकदम सांगाव्या. आज एक दाखला नाहीं म्हणून परत पाठवावयाचें, आणि तो आणल्यावर उद्यां दुसरा मागावयाचा, ही कचेरींतल्या खिडकीमागची रीत इन्स्टॉलरानें उचलूं नये. दुसरें असें कीं, विचारतांना 'इतकें तरी' असें विचारावें, 'इतकेंच' असें नव्हे. पुष्कळ प्रोग्रामांना लागणाऱ्या डॉटनेट फ्रेमवर्कची ४.५ पासूनची आवृत्ति विंडोजच्या रजिस्ट्रींतल्या 'रिलीज' नामक एका आंकड्यावरून ओळखतात. ४.८ हवी असेल तर तो आंकडा ५२८०४० किंवा त्याहून मोठा आहे काय, एवढेंच पाहावयाचें. नेमका तोच आंकडा धरून बसणारा इन्स्टॉलर ४.८.१ असलेल्या यंत्रालाहि दाराबाहेर काढील. मॅट्रिक झालेला उमेदवार पाहिजे म्हणून बी. ए. झालेल्यास परत लावणाऱ्या चिटणिसाच्याच जातीचा हा प्रकार.

खरी परीक्षा पुढें आहे. पट्टी निम्मी भरली असतां माणसानें 'रद्द करा' दाबलें, तर यंत्र जसें होतें तसें त्याच्या हवालीं केलें पाहिजे. मायक्रोसॉफ्टनें १९९९ सालीं ऑफिस २००० बरोबर जो 'विंडोज इन्स्टॉलर' आणला, त्यांत ही सोय आहे. जुनी फाईल बदलण्यापूर्वीं तो तिची प्रत एका लपविलेल्या फोल्डरांत ठेवतो, आणि केलेलें काम उलटें कसें फिरवावयाचें याचें टिपणहि लिहीत जातो. अडचण येते ती प्रोग्रामकर्त्यानें स्वतःच्या बुद्धीनें जोडलेल्या कामांची. तीं कशीं उलटवावीं हें विंडोजला कसें कळावें? तें कर्त्यानेंच लिहून द्यावयाचें. आणि येथें एक नियम आहे, जो ऐकून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. उलटविण्याचें काम क्रमांत मूळ कामाच्या आधीं मांडावें लागतें. कारण उघड आहे. मूळ काम अर्ध्यावर मोडलें तर त्याच्या पुढचें कांहींच वाचलें जाणार नाहीं. परतीची वाट तोंपर्यंत नोंदलेली असली तरच ती उपयोगाची. शिवाय असें लांबलचक काम चाललें असतां पट्टी पुढें सरकवितांना विंडोजकडून जें उत्तर येतें, तें दर वेळीं पाहावयाचें असतें, कारण 'रद्द' हा निरोप त्याच उत्तरांतून मिळतो. तें न पाहणारा इन्स्टॉलर माणसाच्या 'नको'ला बहिरा असतो.

या बहिरेपणाचें फळ आमच्या महाविद्यालयांत आम्हीं पाहिलें आहे. भाषा-प्रयोगशाळेच्या संगणकांवर एका कंपनीच्या प्रोग्रामची नवी आवृत्ति बसवावयास तिचा माणूस आला होता. इन्स्टॉलरानें जुनी आवृत्ति आधीं काढून टाकली, आणि मग, पट्टी बरीचशी भरल्यावर, एक आवश्यक भाग यंत्रावर नाहीं असें जाहीर केलें. माणसानें 'रद्द करा' दाबलें, पण पट्टी जागची हलली नाहीं. शेवटीं सर्व बंद पडलें तेव्हां नवें आलें नव्हतें व जुनें गेलें होतें. खेड्यांतून आलेल्या मुलामुलींनीं वर्षभर इंग्रजी उच्चारांचा सराव करून जीं वाचनें ध्वनिमुद्रित केलीं होतीं, तींहि जुन्याबरोबर गेलीं. एका मुलीनें आम्हांस विचारलें, "सर, माझा पहिल्या दिवसाचा आवाज आतां कोठें मिळेल?" आपण कोठून निघालों हें तिला ऐकावयाचें होतें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलेली आणखी एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. काम संपवितांना विंडोज इन्स्टॉलर एक आंकडा परत देतो. काम घातक चुकीनें बुडालें तर १६०३, आणि माणसानें होऊन रद्द केलें तर १६०२. अंतर एकाचें, पण केवढा न्याय त्यांत आहे! 'मला नको' म्हणणें ही चूक नव्हे, म्हणून त्याचा आंकडा निराळा. आमच्या घरांतून मात्र दोहोंना एकच आंकडा. अभियांत्रिकीचें एक वर्ष करून, हें आपलें क्षेत्र नव्हे असें ओळखून, कलाशाखेकडे येणारीं मुलें आम्ही पाहतों. तीं नापास झालेलीं नसतात, पण घरीं वागणूक नापासाची मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नें पदवीच्या वाटेवर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय सुचविली. दार चांगलें आहे. परंतु आईबापांच्या मनांत १६०२ हा आंकडा उमटेपर्यंत मुलाला त्या दारांतून ताठ मानेनें बाहेर पडतां यावयाचें नाहीं.

महाभारतांत अश्वत्थामा व अर्जुन या दोघांनींहि ब्रह्मशिर अस्त्र सोडलें. व्यास व नारद मध्यें पडले तेव्हां अर्जुनानें आपलें अस्त्र मागें घेतलें. अश्वत्थाम्याला तें साधेना, आणि त्याचें अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेलें. जें मागें घेतां येत नाहीं, त्याचा आघात बहुधा त्या भांडणांत नसलेल्यावरच होतो. म्हणून सुभाषितकाराची क्षमा मागून आम्ही तिसरें लक्षण जोडतों. आरंभिलेलें काम सोडावें लागलें तर पूर्वीचें सारें जेथल्या तेथें ठेवून सोडतां यावें, आणि त्याची तजवीज आरंभापूर्वींच झालेली असावी. नवी योजना किंवा नवा अभ्यासक्रम घेऊन जो कोणी आमच्याकडे येतो, त्याला आम्ही आतां प्रथम एवढेंच विचारतों कीं, हें जमलें नाहीं तर जुनें कोठें ठेवलें आहे?