सोळा इंचांचा प्रश्न

सोफ्यावरच्या उशीचा अभ्रा साधारण सोळा इंचांचा असतो. बंदुकीची नळी एवढ्या लांबीपेक्षा जराशी आखूड असली, तर अमेरिकेत एखाद्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले.

भाचा टेक्सासमध्ये राहतो, तिथला नागरिक आहे आणि त्याला नेमबाजीचा शौक आहे. २०२३ च्या सुरुवातीला धाकट्या बहिणीचा घाबऱ्या आवाजात फोन आला, "ताई, त्याने दुकानातून रीतसर घेतलेले पिस्तूल आता बेकायदा ठरणार म्हणे! तू कायदा शिकलीस, तूच विचार त्याला." वकिली मी कधी केली नाही, पण कलमे वाचायची भीती वाटत नाही. म्हणून वाचायला बसले.

या नियमाचे मूळ १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्ये आहे. ते दिवस टोळीयुद्धांचे होते. १९२९ मध्ये शिकागोत एका टोळीने सात जणांना भिंतीशी उभे करून मारले होते. सहज लपवता येणाऱ्या शस्त्रांना आळा घालावा, म्हणून मूळ मसुद्यात मशिनगनबरोबर पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही होते. आता पिस्तुलावर बंधन आले, की लोक रायफलची नळी कापून तिचेच पिस्तूल करणार. ही पळवाट बुजवण्यासाठी आखूड नळीच्या रायफलीही यादीत घातल्या. पुढे विरोध झाला आणि पिस्तुले यादीतून वगळली गेली. आखूड रायफली मात्र तशाच राहिल्या. शेत विकले, कुंपण उभेच!

त्या यादीतल्या शस्त्रासाठी सरकारदरबारी नोंदणी आणि दोनशे डॉलर कर. १९३४ मध्ये ही रक्कम सामान्य माणसाचे डोळे पांढरे करणारी होती. नळीची मर्यादा आधी अठरा इंच होती; १९६० मध्ये रायफलीसाठी ती सोळा झाली, शॉटगनसाठी अठराच राहिली.

खरी गंमत पुढे आहे. खांद्याला टेकवून झाडायची ती रायफल. एका हाताने झाडता येईल अशी, खांद्याचा दस्ता नसलेली ती पिस्तूल. आतली यंत्रणा एकच असली तरी चालते. आखूड नळीच्या पिस्तुलाला खांद्याचा दस्ता लावला, की कायद्याच्या लेखी ती आखूड रायफल झाली. १९९२ मध्ये असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. एका कंपनीने पिस्तुलाबरोबर दस्ता आणि लांब नळी असा संच विकला होता. त्यातून कायदेशीर रायफल करता येत होती, तशीच बेकायदाही. कायदा संदिग्ध असेल तर त्याचा फायदा नागरिकाला मिळावा, या तत्त्वावर निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

भाच्याचे प्रकरण याहून नाजूक. त्याच्या पिस्तुलाला मागे 'ब्रेस' होता. हाताला बांधायचा हा आधार मुळात अपंग माजी सैनिकांना एका हाताने नेम धरता यावा म्हणून निघाला. लोक तो खांद्याला टेकवू लागले. बरीच वर्षे त्याला चालवून घेतलेल्या संघीय खात्याने जानेवारी २०२३ मध्ये नवा नियम काढला, की असे बहुतेक नमुने आखूड रायफलीच समजले जातील. ३१ मेपर्यंत नोंदणी करा, लांब नळी बसवा, ब्रेस काढून टाका किंवा शस्त्र जमा करा. भाच्याने ब्रेस काढून मोडून टाकला. जून २०२४ मध्ये टेक्सासच्याच संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलीवरचा कर शून्यावर आला. नोंदणी, बोटांचे ठसे आणि फोटो मात्र अजून लागतातच. काही राज्यांत तर अशी रायफल ठेवताच येत नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, पिस्तूल तेच, मीही तोच. मग दर वर्षी माझा गुन्हा कसा बदलतो?"

त्याचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम परवान्याशिवाय नळी आखूड करायलाच बंदी घालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे तुरुंगवास आहे. पण आपला कायदा आधी विचारतो, "हे शस्त्र तुला हवे कशाला?" लांबीचे नंतर. तिथे बहुतेक ठिकाणी साधी रायफल सहज मिळते आणि सरकारची पट्टी तिच्या नळीवर फिरते.

मी भाच्याला एवढेच सांगितले, की नियम पटो न पटो, बदल करण्याआधी तिथल्या वकिलाला विचार आणि प्रत्येक पावती जपून ठेव. कायद्याचे अज्ञान ही सबब कुठल्याच कोर्टात सहसा चालत नाही.

बहिणीला मी हे सगळे तासभर समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळे खरे, पण पिस्तूल कुलपात असते ना? माझ्या नातवाचा हात तिथे पोचत नाही ना?"

एवढी कलमे वाचूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्याच रात्री मी भाच्याला पुन्हा फोन लावला.