लाभपंचमी आणि ज्ञानपंचमी

कार्तिक शुद्ध पंचमी हा व्यापारी जैन घरातला दुहेरी सण. सकाळी पाटावर धर्मग्रंथ, मुलांची पुस्तके, पाटी आणि लेखणी मांडून ज्ञानाची पूजा होते; ती आटोपली की दुकान उघडून नव्या चोपडीत वर्षाची पहिली नोंद केली जाते. एकच तिथी, घरात ज्ञानपंचमी आणि पेढीवर लाभपंचमी. दाभोशाला किराणा दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थाने ही दोन नावे लहानपणापासून एका श्वासात घेतली होती. एकाचा लाभ दुसऱ्याच्या ज्ञानाच्या आड येऊ शकतो, हे त्याला त्या वर्षीच्या पंचमीपर्यंत जाणवले नव्हते.

त्याचे घर जव्हारला आणि दुकान तिथून सुमारे 20 किलोमीटरवर. पावसाळ्यात लेंडी नदीवरचा धबधबा पाहायला मुंबई-नाशिकची मंडळी येतात, तेव्हा बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या खपतात. एरवी दुकान चालते ते आसपासच्या पाड्यांवरील आदिवासी कुटुंबांच्या तेल-मीठ-मिरचीवर, आणि तेही बहुतेक उधारीवर. व्याज तो घेत नाही, याचा त्याला अभिमान आहे. उधारीच्या मालाला दोन रुपये जास्त लागतात, ही गोष्ट मात्र तो स्वतःशीही फारशी बोलत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून हिवाळ्यात साडेचारलाच दुकान बंद करून तो घराकडे निघतो, आणि घाटरस्त्याच्या त्या तासाभरात त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो: मुलांच्या शिक्षणाचा.

मोठी मुलगी आठवीत, नाशिकच्या एका वसतिगृहाच्या शाळेत. धाकटा मुलगा चौथीत, जव्हारलाच. स्वतः दहावीनंतर वडिलांच्या गादीवर बसलेल्या या बापाने मुलीच्या जन्मादिवशीच ठरवले होते की हिला हवे तितके शिकू द्यायचे. ठरवणे सोपे होते. पावत्या नंतर आल्या. शिक्षण शुल्क, वसतिगृह, जेवण, गणवेश, संगणक, क्लास. करसल्लागाराने समजावले होते की जुन्या करपद्धतीत दोन मुलांच्या शिक्षण शुल्कावर मर्यादेत सूट मिळते. पण वसतिगृह, प्रवास, देणगी हे त्यात बसत नाही. म्हणजे पावतीवरचा मोठा आकडा नेमका सुटीबाहेरचा. त्यातच दिवाळीच्या सुटीत घरी आलेली मुलगी जाता जाता म्हणाली होती, “पप्पा, सहलीचे 1,800 वेगळे भरायचेत हं.”

दिवाळीनंतरचा 45,000 रुपयांचा हप्ता तो दरवर्षी एकाच बळावर भरत असे. लाभपंचमीनंतरच्या आठवड्यात पाड्यांवरची उधारी आपोआप वसूल होई. भात आणि नागलीची कामे संपली की घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर निघत. मुकादम उचल देई, त्यातून लोक दुकानाचे देणे फेडत आणि मग ट्रकमध्ये बसत. त्या वर्षी पंधरा घरांकडून 52,000 रुपये येणे होते.

पंचमीच्या सकाळी नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून तो बसला असतानाच पाड्यावरची एक बाई आली. तिच्या नावावर 4,200 रुपये होते.

“शेठ, मुकादम परवा पैसे देणार. तुमचे सगळे देऊन जाते.”

“किती दिवसांसाठी जाता?”

“पावसापर्यंत. मधे होळीला येऊ.”

तिची मुलगी तिच्या मागे उभी होती. काही तरी बोलायचे म्हणून त्याने विचारले, “ही कोणाकडे राहणार? आजीकडे?”

“राहून कसे चालेल? उचल जास्त घेतली म्हणजे हातही जास्त लागतात. धाकट्याला सांभाळील, विटा उलटवील.”

“आठवीत आहे ना ती?”

“होती,” बाई म्हणाली.

त्या दिवशी घाटात त्याचा हिशेब जुळेना. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते. घेतलेली उचल हंगामभर त्या मजुरीतून कापली जाते आणि आठवड्याला हातात पडते ती खर्ची तेवढी. उचल जितकी मोठी, तितक्या विटा जास्त; आणि विटा जास्त, म्हणजे मुलांचे हातही त्यात आले. जी उधारी ‘आपोआप’ वसूल होते असे तो इतकी वर्षे समजत आला होता, ती त्या उचलीतून येत होती. म्हणजे नाशिकच्या आठवीची पावती आणि दाभोशाच्या आठवीतला हा ‘होती’ एकाच खात्यातून गेले होते.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा विनामूल्य आहे. 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. पण मुलीला शाळेत ठेवायचे तर तिचे दोन हात घराने सोडून द्यावे लागतात, आणि त्या हातांची किंमत कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. ती ज्यांना कळली, त्यांनी वेगळ्या वाटा शोधल्या. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले, ते पुढे कोसबाडला गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली आणि शाळाच मुलांपाशी नेली. विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या.

जैन समाजालाही हे नवे नाही. बाहेरगावच्या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणून 1915 मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले. कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. चातुर्मासातील व्याख्यानात ही कथा ऐकताना त्या गृहस्थाचेही डोळे भरून आले होते. आता प्रश्न मंगळसूत्राचा नव्हता, 4,200 रुपयांचा होता. आणि तरीही हात आखडत होता.

रात्री त्याने पत्नीला सगळे सांगितले. तिने पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता: “अहो, मग हप्ता कसा भरायचा?” थोड्या वेळाने मात्र तीच म्हणाली, “नाशिकचे घाऊक व्यापारी आपल्यासाठी महिना महिना थांबतात. त्याला आपण उपकार म्हणतो का? धंदाच म्हणतो. मग आपण थांबलो तर एवढा विचार कशाला?”

दुसऱ्या दिवशी तो पाड्यावर गेला. पैसे पुढच्या दिवाळीपर्यंत आले तरी चालतील, तेवढी उचल कमी घ्या, आजी आणि मुलीचे सामान दुकानातून जाईल, असे त्याने सांगितले. बाईने आभार मानले नाहीत. “नवऱ्याला विचारते,” एवढेच म्हणाली. त्याला थोडे वाईट वाटले. मग लक्षात आले की आभार मानण्यासारखे आपण फारसे काही दिलेले नाही. तेवढे आपलेच पैसे काही महिने उशिरा घेणार आहोत. नाशिकच्या व्यापाऱ्याला फोन करून त्याने पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. आवाज उतरलेला होता. मुदत मागणाऱ्याचा आवाज कसा होतो, हे त्याला त्या दिवशी आतून कळले.

ट्रक गेल्यानंतर चौथ्या दिवशी ती मुलगी दुकानात आली. शंभर पानी वही घेतली आणि म्हणाली, “मांडून ठेवा.” त्याने मांडून ठेवली, छापील किमतीला, वरचे दोन रुपये लावले नाहीत.

मग त्याने चोपडी मागे उलटून पंधरा नावे पुन्हा वाचली. कोणत्या घरी महिन्याला किती तेल लागते, कोण कोणता साबण नेते, हे त्याला तोंडपाठ होते. कोणाचे मूल कितवीत आहे, हे त्याने कधी विचारले नव्हते. शाळेतल्या गुरुजींना विचारून त्याने नावांपुढे बारीक अक्षरात इयत्ता लिहिल्या. सहा घरांत शाळेत जाणारी मुले निघाली. त्यांतल्या पाच घरांना तोवर कुलूप लागले होते, आणि त्या पाचही घरांची उधारी पूर्ण फिटली होती.