प्रवासी बिल्ला

उपग्रहांच्या साहाय्याने रानात दडविलेले डबे हुडकण्याचा जिओकॅशिंग नामक छंद मे २००० मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जन्मास आला. तेथेच राहावयास गेल्यावर त्याने आम्हांसही पछाडले. डब्यात पुष्कळदा क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला सापडतो. तो ठेवून घ्यावयाचा नसतो. पुढल्या डब्यात सोडावा व क्रमांकावरून नोंद करावी, एवढाच रिवाज. समुद्रकिनाऱ्यास पोचावा म्हणून आम्हीही एक बिल्ला मोठ्या हौसेने सोडला. दुसऱ्याच डब्यातून कोणीतरी तो उचलला आणि पुढे त्याची वार्ता नाही! त्या अज्ञात गृहस्थाचा आम्ही वर्षभर शेलक्या विशेषणांनी गौरव केला.

परवा लोकरी कोट झाडावयास काढला, तो खिशातून एक बिल्ला खणकन् पडला. आमचा नव्हे, परक्याचा! सोबतच्या चिठ्ठीवर बालहस्ताक्षरात लिहिले होते, 'मला आजीच्या गावी पोचवा.' गतवर्षी आम्हीच तो उचलला होता.

त्याच दिवशी मालकास क्षमापत्र लिहून आम्ही तो मार्गस्थ केला. आजी अद्याप वाट पाहात असेल ना, ही रुखरुख मात्र राहिली. आमचा बिल्ला कोणाच्या खिशात आहे कोण जाणे. पण त्या खिशावर आता आमचा राग नाही.